चिपचं नाव नको, कुवत विचारा

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीसीसी या कंपायलरच्या व्हेक्टरायझरसाठी (लूपमधलं काम अनेक आकड्यांवर एकदम करणारे व्हेक्टर आदेश बनवणारा भाग) एक चाचणी लिहून जीसीसी-डीजी-व्हेक्ट या फोल्डरात टाकली. डीजी-ऑप्शन्समध्ये, म्हणजे कंपायलरला ऑप्शन देणाऱ्या ओळीत, ओ3 (कोड जास्त वेगवान करण्याची पातळी) आणि एम-एव्हीएक्स2 (इंटेल घराण्याच्या चिपचे एव्हीएक्स2 हे व्हेक्टर आदेश वापरायला सांगणारा) दिलं. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर 'अनरिझॉल्व्हड' येतं, डंप फाइल (कंपायलरनं काय केलं त्याची नोंद) सापडत नाही म्हणतं. मित्राच्या आर्म बोर्डावर तर ऑप्शनच ओळखत नाही. कुठं चुकलं?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : दोन्ही त्रास त्या एकाच ओळीतून आलेत.

या फोल्डराला स्वतःचे ऑप्शन असतात. व्हेक्टरायझेशन सुरू करणं, ते परवडेल का हा खर्चाचा हिशेब बंद ठेवणं आणि डंप फाइल लिहायला लावणं, हे सगळं त्यातच येतं. डीजी-ऑप्शन्स लिहिलं की ते सगळे पुसले जातात, त्यांच्या जागी फक्त तुमचे येतात. डंप मागणारा ऑप्शन तिथंच गेला, मग फाइल कुठून येणार? तिथं डीजी-अ‍ॅडिशनल-ऑप्शन्स लिहा. ते पुसत नाही, भर घालतं. हा फरक मला कुणी वेळेवर सांगितला नव्हता, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

आता एव्हीएक्स2. पेरणीला तिफण चालताना तुम्ही पाहिली असेल, एका फेरीत तीन तासं पडतात. व्हेक्टर आदेशाचंही तसंच. एसएसई2 (एक्स86, म्हणजे इंटेल घराण्याच्या चिपवरचे व्हेक्टर आदेश) आणि निऑन (आर्मवरचे) यांच्या 128 बिटांच्या रजिस्टरात, म्हणजे चिपमधल्या कप्प्यात, 32 बिटांचे चार पूर्णांक बसतात, एव्हीएक्स2च्या 256 बिटांत आठ. तुमच्या चाचणीला लूप व्हेक्टराइज झालं का, एवढंच बघायचंय. मग किती फणांनी पेरायचं ते तिनं कशाला ठरवायचं? योग्य ऑप्शन ते फोल्डरच निवडतं : एक्स86वर एसएसई2, आयबीएमच्या पॉवर चिपवर तिथले व्हेक्टर आदेश, अल्टिव्हेक किंवा व्हीएसएक्स. 64 बिटांच्या आर्मवर वेगळं काही द्यावंच लागत नाही, निऑन तिथं मुळातच धरलेलं असतं. तुम्ही फक्त व्हेक्ट_इंट, म्हणजे पूर्णांकांवर व्हेक्टर आदेश चालवण्याची कुवत मागा. ज्या चिपकडे ती नाही, तिथं चाचणी 'अनसपोर्टेड' म्हणून बाजूला राहील, नापास होणार नाही. एव्हीएक्स2चेच आदेश तपासायचे असतील, तर चाचणी एक्स86च्या फोल्डरात हलवा.

आणि कंपाइल होणं वेगळं, चालणं वेगळं. माझ्याकडे लातूरच्या घरी पहिल्या पिढीचा रास्पबेरी पाय आहे. त्याच्या चिपमध्ये निऑन नाहीच. दुसऱ्या मशिनवर निऑनसाठी बांधलेली चाचणी मी त्यावर चालवली, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पहिल्या फटक्यात मेली. म्हणून मेन या मुख्य फंक्शनच्या सुरुवातीलाच चेक_व्हेक्ट हे फंक्शन बोलवा. चिपला तो आदेश झेपत नसेल, तर चाचणी शून्य देऊन, म्हणजे नापास न होता, बाहेर पडते. एव्हीएक्स2 जोडून चाचणी चालवायचीच असेल, तर अट एव्हीएक्स2_रनटाइमची घाला. नुसतं एव्हीएक्स2 विचारलं, तर कंपायलरला तो आदेश येतो का एवढंच कळतं.

जाता जाता : 2022च्या जीसीसी 12पासून ओ2 या ओ3च्या खालच्या पातळीवरही थोडं व्हेक्टरायझेशन होतं. तुमच्या जुन्या, व्हेक्टरशी संबंध नसलेल्या चाचण्या तेव्हापासून बिघडल्या असतील, तर त्यांना नो-ट्री-व्हेक्टराइज हा व्हेक्टरायझेशन बंद करणारा ऑप्शन जोडून पाहा.