गिलावा, पुट्टी आणि पाण्याचा हिशेब : नव्या मिस्त्र्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला असून गेल्या वर्षी आयटीआयमधून गवंडीकाम शिकलो. मे महिन्यात स्वतंत्रपणे घेतलेल्या पहिल्याच घराच्या आतल्या गिलाव्यावर आठ दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. सिमेंट कमी पडले, असे मालक म्हणतात. मी तर एकास चार प्रमाणाने, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग रेती घेऊन, माल कालवला होता. माझे काय चुकले?

उत्तर : सिमेंट कमी पडले नाही, उलट जास्त झाले. आतल्या भिंतीला एकास सहा प्रमाण पुरते. एकास चार बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीसाठी ठेवावे. सिमेंट जितके अधिक, तितका माल वाळताना अधिक आकसतो, आणि मे महिन्यात तो आकसण्याची घाई करतो. त्यात रेती फार बारीक किंवा मातीची असेल, तर जाळीदार भेगा ठरलेल्याच. रेती उतरवून घेण्यापूर्वी काचेच्या उभट ग्लासात अर्ध्यापर्यंत ती भरा, वर मिठाचे पाणी घाला, चांगली हलवा आणि तीन तास ठेवून द्या. रेतीवर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड दिसला, तर ती रेती धुतल्याशिवाय गिलाव्याला वापरू नका.

मापातही एक फसगत असते. ओलसर रेती फुगते. तिचे आकारमान पाव पटीपर्यंत वाढू शकते. म्हणजे पावसाळ्यात सहा घमेली मोजून टाकलेली रेती प्रत्यक्षात पाच घमेल्यांपेक्षाही कमी भरू शकते, आणि नकळत मालात सिमेंट पुन्हा जास्त होते. सिमेंटची ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट भरते. त्याच मापाची लाकडी पेटी करून घ्या आणि रेती ओली असेल तेव्हा थोडी वाढवून टाका.

परंतु तुमच्या भिंतीचे खरे दुखणे मला पाण्यात दिसते. आपल्या भट्टीच्या विटा तहानलेल्या असतात. चांगली वीटसुद्धा स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पाणी पिऊ शकते. कोरड्या भिंतीवर माल थापला की ती मालातले पाणी ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट होण्यासाठी काही उरतच नाही. म्हणून आदल्या सायंकाळी भिंत भरपूर भिजवावी आणि सकाळी काम धरण्यापूर्वी हाताने पाणी शिंपडून पाहावे. डाग क्षणात नाहीसा झाला तर आणखी पाणी मारावे. पाणी चकाकत ओघळू लागले तर अर्धा तास थांबावे, कारण निथळत्या भिंतीवरही माल धरत नाही. राखेच्या विटा गुळगुळीत असतात आणि पाणी हळू पितात. त्यांच्या भिंतीवर आधी सिमेंट-रेतीचा पातळ, खरखरीत शिडकावा करून तो घट्ट होऊ द्यावा. काँक्रीटच्या बीमला टाचे (छिन्नीने बारीक खाचा) मारावेत, आणि बीम व वीट जिथे भेटतात तिथे जाळीची पट्टी ठोकल्याशिवाय गिलावा चढवू नये, नाहीतर त्या रेषेवर सरळ लांब भेग येते आणि तिच्यावर पुट्टीचा इलाज चालत नाही.

उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एका घराची पश्चिमेची भिंत अशीच गेली. दुपारच्या जेवणापूर्वी मोठ्या हौसेने ती संपवली आणि तशीच उघडी सोडली. दुसऱ्या दिवशी थापीच्या दांड्याने ठोकले तर अर्ध्या भिंतीतून पोकळ आवाज आला. तेवढी सगळी खरवडून काढावी लागली. तेव्हापासून मी उन्हाळ्यात पूर्वेची भिंत दुपारनंतर धरतो. पश्चिमेची मात्र अगदी पहाटे धरतो आणि ऊन फिरण्याआधी तिच्यापुढे ओले बारदान टांगतो. पाणी घातलेला माल तासाभरात संपेल एवढाच कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी टाकून तो सैल करू नये. रंधा (माल सपाट घासायची लाकडी फळी) मारल्यावर चमक यावी म्हणून वर कोरडे सिमेंट भुरभुरवू नये आणि गुरमाळा (गुळगुळीत करायची पोलादी थापी) घासत बसू नये, कारण त्याने पाणी व बारीक सिमेंट वर येऊन तेच आधी तडकते. गिलावा कडक झाला की दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस तराई करावी, म्हणजे पाणी मारून भिंत ओली ठेवावी, आणि आपल्याकडच्या उन्हात दिवसातून तीनदा तरी. मालकांना हे काम सुरू करण्यापूर्वीच सांगून ठेवा, कारण तुम्ही दुसऱ्या गावी गेल्यावर पाणी त्यांनाच मारायचे असते.

प्रश्न : आमचे गाव दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. गिलाव्यावर पांढरी बुरशी येते आणि रंग सुटतो. धुऊन काढली तरी पुन्हा येते.

उत्तर : ती बुरशी नव्हे, मीठ आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांचे भूजल खारे आहे; त्या पाण्याने माल कालवला किंवा तराई केली की भिंत वाळताना क्षार वर येऊन फुलतात. धुतल्याने ते विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतात, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून काढावेत आणि गोळा करून बाहेर टाकावेत. पुढच्या कामासाठी जिभेला खारट लागणारे बोअरचे पाणी वापरू नये. नळाचे, टँकरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी कालवण्यापुरते तरी आणावे. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी भारतीय मानकाने पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे, कारण खारे पाणी लोखंड गंजवते. तेव्हा कॉलम आणि लिंटेलच्या बाबतीत तडजोड मुळीच करू नका. खार फक्त खालच्या दोन-तीन फुटांवरच येत असेल, तर ओल पायातून चढते आहे. जोत्यावर ओलरोधक थर आहे की नाही ते आधी तपासा.

प्रश्न : पुट्टीचे दुकानदार भिंत ओली करा म्हणतात, आमचे मिस्त्री भिंत कोरडी हवी म्हणतात. नेमके कोणाचे ऐकावे? (लाखनी तालुका)

उत्तर : दोघांचेही, कारण दोघे वेगवेगळ्या ओलीबद्दल बोलत आहेत. गिलाव्याच्या पोटातली ओल गेलेली असावी, त्यासाठी साधारण महिनाभर थांबावे. शंका असल्यास वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर भिंतीवर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून तयार नाही. तयार भिंतीवरची धूळ आणि सुटी रेती घासून काढल्यावर, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी वरवर पाणी शिंपडावे. ॲक्रिलिक पुट्टी मात्र कोरड्या भिंतीवर लावतात. पातळ दोन हात द्यावेत, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड होऊ नयेत. खड्डे आधी मालाने बुजवावेत. दुसऱ्या हातानंतर संध्याकाळी भिंतीला लागून तिरका बल्ब धरा, पात्याचे सगळे ओरखडे सावलीसह दिसतात. पॉलिश पेपर मारताना नाकातोंडावर कापड बांधा.

प्रश्न : बारा वर्षे रेजा (गवंड्याच्या हाताखालची मजूर) म्हणून काम केल्यावर मी घरकुलाच्या कामावर ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण पूर्ण केले. माल नीट चढतो, पण भिंत पोटात फुगते.

उत्तर : ताई, बारा वर्षे तुम्ही माल कालवून दिला आहे, त्यामुळे मालाची समज तुम्हांला आमच्यातल्या अनेकांपेक्षा अधिक असणार, उरले ते फक्त मापाचे. माल चढवण्याआधी भिंतीवर वरच्या कोपऱ्यांजवळ मालाचेच दोन छोटे चौकोनी ठिय्ये बसवा. त्यांच्यापासून ओळंबा सोडून खालचे दोन जुळवा, मग दोरी ताणून मधले, फंटीच्या (माल एका पातळीत ओढायच्या लांब सरळ पट्टीच्या) लांबीपेक्षा थोड्या कमी अंतरावर. आधी दोरी सगळ्या भिंतीवरून फिरवून सर्वांत पुढे आलेली वीट शोधा आणि तिच्यावर किमान १० ते १२ मिलिमीटर थर बसेल अशा बेताने ठिय्ये ठेवा. ठिय्यांमध्ये उभ्या पट्ट्या भरून त्या थोड्या घट्ट झाल्या की मधली जागा भरा आणि फंटी खालून वर, डावी-उजवी हलवत ओढा. फंटीची धार रोज सकाळी डोळ्यासमोर धरून पाहा. लाकडी फंटी उन्हापाण्याने वाकते, आणि मग हात सरळ असूनही भिंत फुगीर येते; तुमच्या बाबतीत मला पहिला संशय तिचाच आहे.