विणकाम शंका-समाधान : आश्रमशाळेसाठी जाड लोकरीचे मफलर

प्रश्न : आमच्या बचतगटाला धडगाव भागातल्या आश्रमशाळेतल्या मुलांसाठी क्रोशाचे मफलर करायचे आहेत. किती लोकर घ्यावी? (शिरपूर)

उत्तर : आठ-दहा वर्षांच्या मुलाला ११० सेंमी लांबी पुरते. जाड लोकर आणि ६ किंवा ६.५ मिमीची सुई घ्या. १६ साखळ्या घालून सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब (हाफ डबल क्रोशे, पुढे नुसतं ‘खांब’ म्हटलंय) घाला, म्हणजे ओळीत १४ खांब येतील आणि रुंदी साधारण १३ सेंमी भरेल. एका मफलरला दीडशे ग्रॅम धरून चाला. मात्र हात घट्ट असला की लोकर जास्त खाते, म्हणून पहिला मफलर पूर्ण करून वजन करा आणि मगच बाकीची लोकर आणा.

प्रश्न : मफलर वर वर अरुंद होत जातो. का? (चाळीसगाव)

उत्तर : ओळीचा शेवटचा खांब सुटतोय. जाड लोकरीत तो कडेला कलंडून दडतो आणि ओळ संपली असं वाटतं. पहिल्या आणि शेवटच्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा, दर ओळीला वर सरकवा, आणि उलटण्याआधी १४ मोजा. सुरुवातीचीच कड आखडत असेल तर फक्त साखळ्या एक नंबर मोठ्या सुईने घाला.

प्रश्न : दुकानातली लोकर खरी की ॲक्रिलिक, कसं ओळखावं? मुलांना कोणती द्यावी? (नंदुरबार)

उत्तर : बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, राख चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो.

खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी होते. वसतिगृहातल्या रोजच्या धुण्याला ॲक्रिलिकच टिकतं, पण त्याला इस्त्री लावू नका. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची : ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर डिसेंबर-जानेवारीत मुलं शेकोटीला अगदी खेटून बसतात, तेव्हा लोंबणारी टोकं धोक्याची. लहान मुलांसाठी आम्ही मफलरऐवजी गळ्याची बंद पट्टीच सुचवू. तेच १४ खांब, लांबी ५२ सेंमी, दोन्ही टोकं सैल टाक्यांनी जोडायची. डोक्यातून सहज गेली पाहिजे. टाके घट्ट घेतले तर तिथेच अडकते. झालर, गोंडे, मणी काही नको. दीडशे ग्रॅममध्ये अशा जवळपास दोन होतात. मोठ्या मुलांना मफलर दिलात, तर शेकोटीपाशी काढून ठेवायला वाटतानाच सांगा.