चाव्या माझ्याकडे, घर दुसऱ्याचं: लायसन्स लागतं का?

प्रश्न: नमस्कार, माझा मोठा भाऊ आणि त्याचे दोन मित्र परदेशात असतात, तिघांचे फ्लॅट मीच बघतो. म्हणजे भाडेकरू शोधायचा, भाडं घ्यायचं, नळ गळला की प्लंबर पाठवायचा. आत्तापर्यंत फुकटच केलं पण आता ते म्हणतायत भाड्यातले काही टक्के तू ठेव, आणि ओळखीतले अजून चारपाच जण मागे लागलेत. बायको म्हणते आधी लायसन्स काढ नाहीतर अंगाशी येईल. खरंच लागतं का?

उत्तर: वहिनींची शंका रास्त आहे, फक्त फ्लॅट कुठे आहेत ते तुम्ही लिहिलंच नाहीत आणि सगळं अडतं तिथंच. तुम्ही कुठे राहता ते नाही, घर कुठे आहे ते बघायचं.

भारतात असतील तर 2016 चा रेरा (घरांच्या व्यवहारांवर देखरेखीचा) कायदा एजंटला रजिस्ट्रेशन करायला लावतो, पण ते खरेदी-विक्रीसाठी, नुसतं भाड्याचं काम त्यात येत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करावाच लागतो (हे लायसन्स वेगळं बरं का, नावावर जाऊ नका) आणि ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे विसरलात तुम्ही आणि अडकला भाऊ. त्याच्या वतीने सही करायची तर पॉवर ऑफ अटर्नी हवी.

अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात दुसऱ्याचं घर पैसे घेऊन भाड्याने द्यायचं, भाडं गोळा करायचं तर ब्रोकरचं लायसन्स लागतं, किंवा ब्रोकरच्या हाताखाली सेल्सपर्सनचं. त्याच इमारतीत राहणाऱ्या मॅनेजरला सूट आहे. पॉवर ऑफ अटर्नीवर भागवू म्हणाल तर तेही जमत नाही, ती एखाद्या व्यवहारापुरती चालते, धंदा करायला नाही. ओरेगॉन, मोंटानात प्रॉपर्टी मॅनेजरचं वेगळं लायसन्सच आहे, आयडाहोत काहीच नाही. वेल्समध्ये तर स्वतःचं घर स्वतः सांभाळणाऱ्या मालकालाही ट्रेनिंग घेऊन लायसन्स काढावं लागतं, आणि शेजारच्या इंग्लंडमध्ये एजंटला लायसन्स नाही, पण तक्रार निवारण योजनेत नाव नोंदवणं 2014 पासून आणि लोकांचे पैसे हाताळत असाल तर ते पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या संरक्षण योजनेत सामील होणं 2019 पासून सक्तीचं.

बघा, चाव्या सांभाळल्या, प्लंबर बोलावला याला सहसा कोणी हरकत घेत नाही. फी घेऊन दुसऱ्याचं भाडं, डिपॉझिट हातात घेतलंत की कायदा जागा होतो. म्हणून लायसन्स लागो न लागो, आजच वेगळं खातं उघडा. डिपॉझिट पाच तारखेला तुमच्या सेव्हिंगमध्ये आलं, नऊला त्यातूनच तुमचा होम लोनचा हप्ता कटला, पुढं भाडेकरू निघाला आणि बॅलन्स बघून तुम्हीच हबकलात, हे ठरवून कोणी करत नाही, एकच खातं असलं की होतंच.

आणि टक्के ठरलेल्या भाड्यावर की प्रत्यक्ष आलेल्या भाड्यावर ते भावाकडूनसुद्धा लिहून घ्या, फ्लॅट रिकामा पडला की वाद तिथूनच सुरू होतात.