'सोप'मधला साबण, 'ऑपेरा' आणि आपली 'मालिका'

प्रश्न : अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांबद्दल चाहते जे लिहितात ते सध्या वाचते आहे. त्यात 'सोप', 'सोप ऑपेरा', 'सिरियल', 'स्टोरीज' हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. यांत फरक आहे का? साबणाचा संबंध जाहिरातींशी, एवढं ऐकलं आहे, पण मग 'ऑपेरा' कशाला? 'सोरास' आणि 'बॅक बर्नर' म्हणजे काय? आणि मराठीत हे सगळं लिहिताना सरसकट 'मालिका' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : साबण आधी घेऊ, कारण त्याबद्दल आपण जे ऐकलेलं असतं ते अर्धंच असतं. 'मध्ये मध्ये साबणाच्या जाहिराती लागायच्या म्हणून सोप' हे स्पष्टीकरण चूक नाही, पण त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुटते. साबण कंपन्या या कार्यक्रमांच्या केवळ जाहिरातदार नव्हत्या. पुष्कळदा त्या कार्यक्रमाच्या मालक असत.

हा प्रकार जन्मला रेडिओवर. शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर 20 ऑक्टोबर 1930 रोजी 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाली. ती लिहिणारी अर्ना फिलिप्स आधी शिक्षिका होती. 1932 मध्ये 'क्लारा, लू अँड एम' ही तीन शेजारणींची मालिका एनबीसी या नेटवर्कने, म्हणजे ठिकठिकाणच्या केंद्रांना जोडणाऱ्या प्रसारणसंस्थेने, देशभर दिवसा ऐकवायला सुरुवात केली, तिच्यामागे सुपर सड्स हा साबण होता. 1933 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण कंपनीने ऑक्सिडॉल या धुण्याच्या पावडरीसाठी 'मा पर्किन्स' आणली. निवेदक तिचं नाव पावडरीच्या नावासकट, 'ऑक्सिडॉलची स्वतःची मा पर्किन्स' असं घ्यायचा. दिवसा घरात असणारी, कानाने रेडिओ ऐकत हाताने कामं उरकणारी आणि साबण कोणता घ्यायचा हे ठरवणारी व्यक्ती एकच होती. पंधरा मिनिटांचा भाग, सोमवार ते शुक्रवार.

त्या काळात अमेरिकन रेडिओवर नेटवर्क मुख्यतः वेळ विकायचं. कार्यक्रम तयार करायची ती वेळ विकत घेणारी कंपनी किंवा तिने नेमलेली जाहिरातसंस्था. फ्रँक आणि अ‍ॅन हमर्ट या जोडीने याच पद्धतीने डझनावारी मालिका चालवल्या : कथेचा आराखडा त्यांचा, संवाद लिहिणारे पगारी लेखक वेगळे. टेलिव्हिजन आल्यावर बाकीचे कार्यक्रम हळूहळू नेटवर्कच्या हातात गेले, पण दुपारी जुनी पद्धत टिकली. 'गायडिंग लाइट', 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स', 'अनदर वर्ल्ड' या तिन्ही शेवटच्या भागापर्यंत प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या मालकीच्या होत्या. म्हणून इथे मराठीतला 'प्रायोजक' हा शब्द कमी पडतो. प्रायोजक पैसे देतो आणि नाव लावतो. ही कंपनी लेखिका नेमत होती, काढून टाकत होती, कथेतल्या पात्राने काय करावं यावर बोट ठेवत होती. खुद्द अर्ना फिलिप्सला हा मालकीचा प्रश्न पहिल्याच मालिकेत भोवला. 'पेंटेड ड्रीम्स'वर हक्क सांगायला ती कोर्टात गेली आणि हरली. हक्क केंद्राचेच ठरले. तिने 'टुडेज चिल्ड्रन' नावाची नवी मालिका काढली आणि पुढे आपल्या निर्मितीची मालकी आपल्याकडे ठेवायची काळजी घेतली. तरी 1973 मध्ये, स्वतःच जन्माला घातलेल्या 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'च्या लेखनातून प्रॉक्टर अँड गॅम्बलने तिला दूर केलंच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती वारली.

या मालकीचा शब्दांशी किती थेट संबंध होता हे एका कथानकावरून कळतं. 1962 च्या सुमारास 'गायडिंग लाइट' लिहिणाऱ्या अ‍ॅग्नेस निक्सनला बर्ट बाउअर या मध्यवर्ती पात्राला गर्भाशयाचा कर्करोग झाल्याची कथा घ्यायची होती. बायकांनी वेळेवर तपासणी करून घ्यावी हा हेतू होता, कारण तिची एक मैत्रीण याच आजाराने गेली होती. कंपनी आणि नेटवर्क कसेबसे तयार झाले ते एका अटीवर : 'कॅन्सर', 'गर्भाशय' आणि 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया' हे शब्द कोणाच्याही तोंडी येता कामा नयेत. निक्सनने ते शब्द न वापरता ती कथा लिहिली आणि प्रेक्षक बायकांना ती बरोबर कळली. मला हा या मालिकांच्या इतिहासातला सर्वांत मोठा लेखनपराक्रम वाटतो. ज्यांनी या प्रकाराला सवंग म्हणून हिणवलं त्यांनी असं एक पान लिहून दाखवायला हवं होतं.

हिणवण्याचा विषय निघालाच आहे, तर आता 'ऑपेरा'.

या कार्यक्रमांत ऑर्गन वाजायचा, म्हणून 'ऑपेरा', असा एक समज आहे. ऑर्गन वाजायचा हे खरं, रेडिओवर आणि नंतर टीव्हीवरही बरीच वर्षं. पण नावाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याआधीपासून अमेरिकेत काउबॉय आणि बंदुकांच्या ठराविक चित्रपटांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणायची पद्धत होती. म्हणजे ऑपेराचा आव, भावनांचा तोच भडकपणा, पण रंगमंचावर घोडे. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांनी आणि रेडिओ-नाट्यव्यवसायाच्या नियतकालिकांनी त्याच साच्यात साबण घातला. शब्द किती चटकन रुळला याचा पुरावा 1941 मध्ये मिळतो. विल्सन टकर या विज्ञानकथालेखकाने त्या वर्षी घिशापिट्या अंतराळकथांसाठी 'स्पेस ऑपेरा' हा शब्द सुचवला, आणि सुचवताना आधार दिला तो 'हॉर्स ऑपेरा' आणि 'सोप ऑपेरा' या दोघांचा. म्हणजे तोवर 'सोप ऑपेरा' समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

तेव्हा हा शब्द मुळात बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव आहे. ऐकणाऱ्या बायका तो वापरत नव्हत्या, त्या 'माझ्या स्टोरीज' म्हणायच्या, आणि अमेरिकेत कित्येक वयस्क प्रेक्षक आजही तेच म्हणतात. निर्मिती करणारे 'डेटाइम सिरियल' किंवा 'डेटाइम ड्रामा' म्हणत. चाहत्यांनी कालांतराने हिणकस नाव उचललं, त्यातला 'ऑपेरा' गाळला आणि नुसता 'सोप' ठेवला. तुम्ही वाचता त्या लेखनात हे तीन शब्द सरमिसळ दिसत असले तरी प्रत्येकातून बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं. 'स्टोरीज' हा घरातला शब्द, 'सिरियल' हा व्यवसायातला, 'सोप' हा चाहत्यांनी जिंकून घेतलेला. पूर्ण 'सोप ऑपेरा' आला की लिहिणारा बहुधा बाहेरून आत बघतो आहे.

'सिरियल' आणि 'सीरीज' यांत मात्र खरा, तांत्रिक फरक आहे, आणि नेमका तोच मराठीत पुसला जातो. सीरीजमध्ये पात्रं तीच, पण गोष्ट त्या-त्या भागात संपते. सिरियलमध्ये गोष्ट पुढच्या भागात जाते. आपण दोन्हींना 'मालिका' म्हणतो. मुळात माळ या अर्थाचा शब्द असल्यामुळे त्यात लेख, व्याख्यानं, क्रिकेटचे सामने असं काहीही ओवता येतं. तो नुसतं 'एकापाठोपाठ एक' एवढंच सांगतो. 'क्रमशः' किंवा 'धारावाहिक' मध्ये सलगपणाची जाणीव आहे, पण सोपचं तिसरं लक्षण त्यांतही येत नाही. ते लक्षण म्हणजे शेवट ठरलेला नसणं. दक्षिण अमेरिकेतल्या टेलेनोव्हेला रोज लागतात, सलग चालतात, पण काही महिन्यांत संपायच्या हे सुरुवातीलाच माहीत असतं. सोप संपवण्यासाठी लिहिलेलाच नसतो. 'गायडिंग लाइट' 25 जानेवारी 1937 रोजी रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये टीव्हीवर आली आणि 18 सप्टेंबर 2009 रोजी थांबली : 72 वर्षं. थांबली ती गोष्ट पूर्ण झाली म्हणून नव्हे, बंद केली म्हणून. हेलन वॅगनर या अभिनेत्रीने 2 एप्रिल 1956 रोजी 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'मधलं पहिलं वाक्य उच्चारलं. मधले काही खंड सोडले तर 2010 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्याच नॅन्सी ह्यूजच्या भूमिकेत होती. एका माणसाचं अख्खं कामाचं आयुष्य जिच्यात मावतं त्या गोष्टीला आणि बारा भागांत आटोपणाऱ्या गोष्टीला एकच शब्द वापरताना मला तरी अडखळायला होतं.

'डेटाइम'बद्दल थोडक्यात. हा शब्द घड्याळापेक्षा आता घराणं सांगतो. दुपारच्या कार्यक्रमांचे एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार, 1974 पासून वेगळे आहेत, कलाकारांची आणि लेखकांची फळी बरीचशी वेगळी, कामाचा वेगही वेगळा : आठवड्याला बहुधा तासातासाचे पाच भाग, वर्षभर. 'डॅलस'मध्ये कट, भांडणं, क्रमशः सगळं होतं, पण ती रात्री आणि आठवड्यातून एकदा लागायची, म्हणून चाहते तिला 'प्राइमटाइम सोप' म्हणतात आणि आपल्या यादीत घेत नाहीत. उलट 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' 2022 मध्ये एनबीसी सोडून पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर गेली. ती मध्यरात्री पाहिली तरी ती 'डेटाइम'च.

आता चाहत्यांची परिभाषा. 'सोरास' हे आद्याक्षरांपासून बनलेलं रूप आहे. 'सोप ऑपेरा रॅपिड एजिंग सिंड्रोम', म्हणजे सोपमधलं मूल कॅलेंडरला न जुमानता भराभर मोठं होणं. 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'मध्ये 1961 साली कथेत जन्मलेला टॉम ह्यूज दहा-बारा वर्षांत तरुण पुरुष झाला होता. कारण व्यावहारिक आहे. पाळण्यातल्या बाळाला कथानक देता येत नाही, विशीतल्या मुलाला प्रेम, वैर, गुपितं सगळं देता येतं. म्हणून बाळ शाळेच्या वसतिगृहात जातं आणि परत येताना नवा चेहरा घेऊन येतं. याला आपल्याकडचा 'लीप' म्हणू नका. लीपमध्ये सगळं जग एकदम काही वर्षं पुढे सरकतं. सोरासमध्ये फक्त ते मूल सरकतं, आई-वडील जिथल्या तिथेच असतात. इंग्रजीत हे क्रियापद म्हणूनही चालतं, मराठीत 'त्या मुलाला सोरास केलं' असं म्हणता येईल.

'बॅक बर्नर' म्हणजे मागची शेगडी. पात्र मालिकेत आहे, कलाकाराचा करार चालू आहे, पण त्याच्याभोवती कथानक नाही. तो कोणाच्या तरी लग्नात उभा असतो, कॉफी ओततो, सल्ला देतो. ज्याच्याभोवती गोष्ट फिरते तो 'फ्रंट बर्नर'वर. चाहत्यांच्या तक्रारींतला निम्मा भाग या एका शब्दात मावतो, आणि त्या तक्रारी रास्त असतात. पंचवीस-तीस वर्षं सोबत केलेल्या पात्राला कोपऱ्यात बसवलेलं पाहणं सोपं नसतं.

'रीकास्ट' म्हणजे तीच भूमिका नव्या कलाकाराला देणं. अशा दिवशी निवेदकाचा आवाज येतो की आजपासून अमुक भूमिकेत तमुक. मराठी नाट्यव्यवसायातला 'रिप्लेसमेंट' इथे चपखल बसतो, तोच वापरावा. 'हेड रायटर' हा पुढच्या कित्येक महिन्यांची कथा ठरवतो आणि त्या लांबलचक आराखड्याला 'बायबल' म्हणतात. रोजच्या भागाचा तपशील लिहिणारे आणि संवाद लिहिणारे त्याच्या हाताखाली वेगळे. हमर्ट जोडीची विभागणीच थोडी सुधारून चालू राहिलेली दिसते.

'स्वीप्स' हा शब्दही भेटेल. प्रेक्षकसंख्या खोलवर मोजण्याचे ठराविक महिने असत, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, जुलै. जाहिरातींचे दर त्या आकड्यांवर ठरत, म्हणून लग्नं, स्फोट, मेलेल्यांचं परत येणं हे सारं त्या महिन्यांत. 'जनरल हॉस्पिटल'मधलं ल्यूक आणि लॉराचं लग्न 16 आणि 17 नोव्हेंबर 1981 ला दाखवलं गेलं, चित्रपटतारका एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आली आणि सुमारे 3 कोटी लोकांनी ते पाहिलं. दुपारच्या मालिकेला एवढा प्रेक्षक आधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. तारखेचा महिना पाहा म्हणजे 'स्वीप्स' शब्दाचं वजन कळेल.

राहिला मराठीत काय लिहावं हा प्रश्न. 'साबणनाट्य' असा प्रतिशब्द घडवण्यात अर्थ नाही, कारण साबण कंपनीची मालकी ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर तो शब्द काहीच सांगत नाही, आणि माहीत असेल तर 'सोप' पुरेसा आहे. आपल्याकडे 'डेली सोप' बोलण्यात रुळलेलाच आहे. पहिल्या उल्लेखाला 'दुपारची दैनंदिन मालिका, म्हणजे डेटाइम सोप' असं लिहावं, पुढे नुसतं 'सोप'. विशिष्ट मालिकेचं नाव घेताना 'मालिका' खुशाल वापरावं, मीही वर तसंच केलं आहे. प्रकाराबद्दल बोलताना मात्र 'सोप'.

आणि साबण गेला तरी नाव राहिलं, हे प्रश्नात नसलं तरी सांगायला हवं. 2010 मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' बंद झाली तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बलची एकही मालिका उरली नाही, पण उरलेल्यांना लोक सोपच म्हणत राहिले. पुढे 24 फेब्रुवारी 2025 रोजी सीबीएस या नेटवर्कवर 'बियाँड द गेट्स' सुरू झाली, आणि तिच्या निर्मात्यांत प्रॉक्टर अँड गॅम्बलचा स्टुडिओ पुन्हा आहे.

लिंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहायला बसलात की अडेल. 'तो सोप' आणि 'ती सोप' दोन्ही ऐकू येतात. स्त्रीलिंग 'मालिका'च्या ओढीने आलं आहे. मी पुल्लिंग वापरतो, कारण 'साबण' आणि 'ऑपेरा' दोन्ही मराठीत पुल्लिंगी चालतात. अनेकवचन 'सोप्स' करू नये, 'ते सगळे सोप बंद झाले' इतकं पुरतं.