विकेट पडल्यानंतरचे ९० सेकंद

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, लेगस्पिन टाकतो. आयपीएल पाहिल्यापासून विकेट मिळाली की तळहातावर वही धरल्यासारखं करून सही करतो, तेही बाद झालेल्या मुलाच्या तोंडासमोर. क्लबच्या सरांनी त्याला एक सामना बाहेर बसवलं. तो म्हणतो, 'टीव्हीवर तर सगळे करतात, त्यांना कुठे कोण बसवतं?' त्याला काय सांगू? — एक पालक, नाशिक

पहिली गोष्ट त्याला ही सांगा की बसवतात. २०२५च्या आयपीएलमध्ये लखनौ संघाचा गोलंदाज दिग्वेश राठी याला याच 'वही'साठी आधी मानधनाच्या २५ टक्के, मग ५० टक्के दंड झाला. त्यानंतर अभिषेक शर्माशी वाद झाला तेव्हा पुन्हा ५० टक्के दंड आणि एका सामन्याची बंदी. त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्याच्या हर्षित राणाने मयांक अगरवालला 'फ्लाइंग किस' देऊन निरोप दिला, त्या सामन्यातल्या दोन चुकांचं मिळून ६० टक्के मानधन गेलं. तो थांबला नाही, तेव्हा पुढे पूर्ण मानधन गेलं आणि एक सामना बाहेर बसावं लागलं. विकेटचा क्षण मात्र पुन्हा पुन्हा दाखवला जातो, दंडाची बातमी दुसऱ्या दिवशी चार ओळींत येते. मुलाने पहिलं पाहिलं आहे, दुसरं त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. ते पोहोचवणं तुमच्या हातात आहे.

ही वही आली कुठून, तेही त्याला दाखवा. २०१७ साली जमैकात वेस्ट इंडिजचा गोलंदाज केसरिक विल्यम्सने विराट कोहलीला बाद करून ती काढली. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादच्या टी-ट्वेंटीत कोहलीने विल्यम्सला षटकार मारून तीच खूण परत केली. २०२५मध्ये ती राठीच्या हातात दिसली आणि आता नाशिकच्या मैदानावर. प्रत्येक टप्प्याला मूळ संदर्भ गळत गेला, उरली फक्त खूण. तुमच्या मुलाचं समोरच्या फलंदाजाशी कसलंच जुनं देणंघेणं नाही, आणि त्या फलंदाजाला ते सरळ अपमानासारखं लागतं.

मोठे खेळाडू तरीही का करतात? टी-ट्वेंटीत विकेट पडल्यावर नव्या फलंदाजाने ९० सेकंदांत खेळायला तयार व्हायचं असतं. त्या वेळात मैदानावर खेळ नसतो आणि पडदा भरायचा असतो. म्हणून गोलंदाजाचा चेहरा जवळून, मग तोच संथ गतीत, मग परतणारा फलंदाज, मग डगआउट. कॅमेरा आपल्यावरच येणार हे गोलंदाजाला ठाऊक असतं. नव्या खेळाडूसाठी ती ओळख मिळवण्याची संधी असते आणि तिच्यापुढे मानधनाचा काही हिस्सा त्याला लहान वाटतो. आमच्या मते इथे दंडापेक्षा बंदीच उपयोगी, कारण ती खेळाडूला पडद्यावरून उतरवते. म्हणूनच तुमच्या क्लबच्या सरांचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

आनंदावर मात्र बंदी नको. विकेट लेगस्पिनरला सहज मिळत नाही, उडी मारू दे, ओरडू दे. फरक ओळखायला तीन गोष्टी पुरतात. तोंड कोणाकडे आहे? अंतर किती आहे? फलंदाज चालू लागल्यावरही ते चालूच आहे का? मुलाला एकच नियम द्या : विकेट पडताच फलंदाजाकडे पाठ आणि पहिली चार पावलं झेल घेणाऱ्याकडे किंवा यष्टिरक्षकाकडे. हे नुसतं सांगून जमत नाही, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही, सवय चालते. नेट्समध्ये प्रत्येक बळीनंतर तसं धावायला लावा. दोन-तीन आठवडे नेमाने केलंत तर सामन्यातही पाय आपोआप वळू लागतील.

आणि त्याला नियमही माहीत हवा. २०१७पासून क्रिकेटच्या ४२व्या नियमात खेळाडूंच्या वर्तनाचे चार स्तर आहेत. अश्लील हावभाव, अपमानकारक भाषा, पंचाच्या निर्णयावर नाराजी, अति अपील हे पहिल्या स्तरात येतात. पहिल्या वेळी ताकीद मिळते, पण त्यानंतर त्या संघातल्या *कोणीही* पहिल्या स्तरातलं काही केलं की प्रतिस्पर्ध्याला ५ धावा. म्हणजे याच्या वागण्याची किंमत दुसऱ्याच मुलाच्या चुकीनंतर अख्खा संघ मोजू शकतो.

प्रश्न : माझ्याकडे १४-१५ वर्षांचे सहा वेगवान गोलंदाज आहेत. त्यातले तीन बुमराहसारखी ॲक्शन करतात. बदलावी की राहू द्यावी? — प्रशिक्षक, सातारा

कोणासारखी दिसते यावरून ठरवू नका, पाठीवर काय येतं ते पाहून ठरवा. बुमराहचा कोपर मुळातच उलट्या बाजूला जास्त ताणला जातो. ती त्याच्या शरीराची ठेवण आहे, नक्कल करून येत नाही. मुलं उचलतात ते बाहेरचं : छोटा रन-अप, ताठ पुढे आलेला हात. नेहमीचा टीव्ही कॅमेरा सीमारेषेपलीकडे उंचावर असतो आणि लांब पल्ल्याच्या भिंगामुळे २०.१२ मीटरची खेळपट्टी चार पावलांची वाटते. त्या कोनातून हात स्पष्ट दिसतो, पण कंबर आणि खांदे एकमेकांविरुद्ध किती पिळले जातात ते दिसत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

फोनवर स्लो मोशनमध्ये दोन बाजूंनी चित्रण करा : एकदा क्रीजच्या रेषेत बाजूने, फोन कमरेच्या उंचीवर, एकदा गोलंदाजाच्या पाठीमागून. मागचा पाय टेकतो ती फ्रेम थांबवा. पाऊल, कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का? मग पुढचा पाय टेकेपर्यंत फ्रेम पुढे न्या. कंबर फलंदाजाकडे आणि खांदे बाजूला वळलेले, किंवा या दोन फ्रेमदरम्यान खांदे आणखी मागे फिरत असतील, तर ती मिश्र ॲक्शन. कमरेच्या मणक्याला ताण-फ्रॅक्चर होण्याचा धोका या ॲक्शनमध्ये जास्त. अशा मुलाची ॲक्शन दुरुस्त करा, पण हंगामाच्या मध्यात नाही, आणि आधी चालत, मग अर्ध्या रन-अपने. कंबर-खांदे एका रेषेत असतील तर हात वेगळा दिसतो म्हणून हात लावू नका.

ॲक्शनइतकंच चेंडूंच्या मोजणीकडे लक्ष हवं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षं वापरलेली मर्यादा उपयोगी आहे : १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (एका दमात) ५ आणि दिवसात १० षटकं, १४-१५ वर्षांना ६ आणि १२, १६ ते १९ वर्षांना ७ आणि १८. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस नाही. आपल्याकडे घात होतो तो शाळा, क्लब आणि अकादमी प्रत्येक जण आपलीच षटकं मोजतो म्हणून. १२ षटकं म्हणजे ७२ चेंडू, आणि त्यात नेट्समधलेही आले. एक छोटी वही मुलाच्या किटमध्येच ठेवा, तिन्ही ठिकाणचे आकडे त्यात.

कमरेच्या एका बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर त्याच दिवशी गोलंदाजी बंद. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. बुमराहलाही २०१९मध्ये पाठीचं ताण-फ्रॅक्चर झालं आणि २०२३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. हे त्या तिघांना नक्की सांगा.

प्रश्न : स्टंप माइकवर सगळं ऐकू येतं. आमचा यष्टिरक्षक मुलगा त्यातली टोमणेबाजी मैदानावर करतो आणि त्याला 'गेम सेन्स' म्हणतो. — एक पालक, ठाणे

चेंडू खेळून झाल्यावर स्टंप माइकचा आवाज बंद ठेवण्याचं बंधन आयसीसीने २०१८च्या अखेरीस काढलं. तेव्हापासून मधलं बोलणं हाही कार्यक्रमाचा भाग झाला. जानेवारी २०१९मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमदचे वर्णद्वेषी शब्द याच माइकने टिपले आणि त्याला चार सामन्यांची बंदी झाली.

मुलाला गप्प करू नका, यष्टिरक्षकाने बोललंच पाहिजे. फक्त बोलणं आपल्या संघाशी असावं : चेंडू वळतोय की सरळ येतोय, फलंदाज क्रीजमध्ये किती मागे उभा आहे, कोणता क्षेत्ररक्षक जागेवरून सरकला, षटकातले किती चेंडू उरले. एका सामन्यात बाहेर बसलेल्या मुलाला यष्टिरक्षकाची उपयोगी वाक्यं मोजायला सांगा. आकडा लहान निघाला तर त्याचं त्यालाच कळेल.

प्रश्न : प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून शाळेची मुलं पहिल्या दोन चढाया नुसत्या मध्यरेषेपाशी मांडी थोपटत घालवतात आणि तिसरीला जीव तोडून घुसतात. — क्रीडाशिक्षिका, सांगली

लीगमुळे संघाच्या सलग दोन रिकाम्या (गुण न मिळालेल्या) चढायांनंतर तिसरीत गुण नाही तर चढाईपटू बाद, हा नियम घराघरांत पोहोचला. प्रेक्षकाला त्यामुळे ताण मिळतो, म्हणून पडदाही तिसऱ्या चढाईची हवा करतो. आधी तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक पाहा, तिसऱ्या चढाईचा नियम त्यात नसेल तर मुलं विनाकारण चढाया फुकट घालवत आहेत.

नियम असला तरी रिकामी चढाई म्हणजे विश्रांती नव्हे. ३० सेकंदांत 'निदान रेषा' (मध्यरेषेपलीकडे प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातली पहिली रेषा) ओलांडावीच लागते, नाहीतर चढाईपटू बाद. चांगला चढाईपटू त्या वेळात कोपरारक्षकाला एकदा पुढे खेचतो, साखळी कोणत्या बाजूने उशिरा वळते ते बघतो, बोनससाठी पाय टाकल्याचा आव आणून पट काढायला कोण झेपावतो ते हेरतो. परत आल्यावर त्याला एकच विचारा : 'कोण पुढे आलं?' उत्तर नसेल तर पुढची चढाई दुसऱ्याला द्या. हे दोन-चार सरावांत केलंत की मांडी थोपटायला वेळच उरणार नाही.

आणखी एक. टीव्हीवर संगीत आणि समालोचनात 'कबड्डी कबड्डी' जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे मुलं दम पुटपुटतात. पंचाला स्पष्ट ऐकू गेला पाहिजे आणि मध्यरेषा ओलांडण्याआधी सुरू झाला पाहिजे. सरावात तुम्ही विरुद्ध टोकाच्या रेषेबाहेर उभ्या राहा, ऐकू आला नाही की चढाई रद्द.

प्रश्न : मग मुलांना सामने दाखवूच नयेत का? — एक आजोबा, गोवा

दाखवा, पण हायलाइट्सऐवजी सलग पाच षटकं. टी-ट्वेंटीच्या डावात १२० चेंडू असतात. हायलाइट्समध्ये चौकार, षटकार आणि विकेटी उरतात. सोडलेले चेंडू, एकेरी धावा, क्षेत्ररक्षणातले बदल गळून जातात, आणि मुलाला वाटतं की दर चेंडूला बॅट फिरवायची असते.

आवाज बंद करा, म्हणजे समालोचक काय म्हणतो त्याऐवजी डोळे काय पाहतात त्यावर बोलता येईल. नातवाच्या हातात कागद द्या. प्रत्येक चेंडूआधी त्याने लिहायचं : चेंडू आखूड पडेल की पुढे, आणि फलंदाज कुठे मारेल. तीस चेंडूंत आठ-दहा अंदाज बरोबर आले तरी छान. चेंडूंच्या मधल्या वेळात गोलंदाजाचा चेहरा पडद्यावर आला की त्याला विचारा, आत्ता क्षेत्ररक्षक कुठे असतील? कॅमेरा मागे जाऊन सगळं मैदान दाखवील तेव्हा कागदावरच्या खुणा ताडून बघा. सुरुवातीला त्याला कंटाळा येईल, म्हणून पहिल्या दिवशी दोनच षटकं घ्या.