घाई नको, बेटा

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम. तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, चांगला पानभर मजकूर होता, म्हणून उत्तरही पत्रानेच देते. आणि मराठीत देते, कारण तुझं उर्दू वाचन अजून अडखळतं आणि माझा जन्म मराठी शिकवण्यात गेला.

तुझं म्हणणं असं, की लहानपणी हाफिजसाहेबांकडे कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळख, झाला, मग कुराणाचे तीसही पारे, म्हणजे भाग, झाले, खतम (वाचून पूर्ण) झाल्यावर घरोघरी मिठाईही वाटली. पण आपण काय वाचलं ते कधी कळलं नाही. म्हणून आता कोंढव्याहून हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये इंग्रजी तर्जुमा, म्हणजे अनुवाद, ऐकायला घेतलास. पहिल्या पानापासून सुरुवात केलीस, सूरह बकराच्या, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या, मध्यावर आलीस, आणि मन लागेना. वर विचारतेस, "खाला, माझ्या ईमानातच काही कमी आहे का?"

काही कमी नाही. तू दीडपट वेगाने ऐकते आहेस, एवढंच. तेही तूच लिहिलंस, "१.५ वर लावलं की रमजानच्या आधी पूर्ण होईल." बेटा, जे अल्लाहचं कलाम उतरायलाच जवळजवळ तेवीस वर्षं लागली, ते तू नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये उरकायला निघालीस! कुराणच सांगतं, की आम्ही ते भागाभागाने उतरवलं, ते यासाठी की तू लोकांना थांबत थांबत ऐकवावंस (सूरह १७, आयत म्हणजे वचन १०६). वेग पहिल्यांदा एकावर आण. एक आयत संपली की दुसरी आपोआप सुरू होते ना, ते शक्य असेल तर बंदच कर.

दुसरं, बकरापासून सुरुवात करू नकोस. कुराण शरीफची मांडणी काळाच्या क्रमाने नाही. सात आयतींची फातिहा झाली की लगेच २८६ आयतींची बकरा येते, सगळ्यांत मोठी. तिथून पुढे साधारणपणे मोठ्या सूरह आधी आणि छोट्या शेवटी. बकरा मदिनेतली. तिथे मुसलमानांची वस्ती उभी राहत होती, म्हणून तिच्यात रोजे, हज, तलाक, व्याज, देणंघेणं असं सगळं आहे. अख्ख्या कुराणातली सर्वांत लांब आयत तिच्यातच आहे, आणि ती आहे उधारी लेखी करून ठेवण्याबद्दल. (सदाशिव पेठेतल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग तुमचं कुराण अगदी पुणेरी आहे!") हे सगळं मोलाचं आहे, पण पहिल्याच आठवड्यात, बसच्या खिडकीशी डोकं टेकून नुसत्या कानांनी झेपणारं नाही.

शेवटाकडून सुरू कर. तिसाव्या पाऱ्यात ३७ सूरह आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी तुला तोंडपाठ असतील. आधी अरबी आयत आणि मागोमाग तिचं इंग्रजी, अशी ध्वनिमुद्रणं मिळतात, ती घे. ओठांवर वर्षानुवर्षं असलेल्या ओळींचा अर्थ पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा काय होतं, ते तुझं तूच बघ.

एक सूरह घेऊन दाखवते. सूरह माऊन, १०७ वी. सातच आयती. नमाजमध्ये तू कितीदा म्हटली असशील. सुरुवात प्रश्नाने होते: न्यायाच्या दिवसाला खोटं म्हणणारा माणूस तू पाहिलास का? आता ऐकणाऱ्याला वाटतं, कुणा काफिराचं वर्णन येणार. येतं ते असं, की हा तोच, जो अनाथाला ढकलून लावतो आणि गरिबाला जेवू घालायचं नावही काढत नाही. मग चौथी आयत. "धिक्कार असो नमाज पढणाऱ्यांचा." आणि आयत तिथेच संपते! कागदावर डोळा पटकन पुढच्या ओळीवर जातो. कानाला ती सोय नाही. वाचणारा श्वास घेतो आणि तेवढा वेळ तू त्या वाक्याखाली अडकून पडतेस, कारण नमाज पढणारी तर तूही आहेस. मग खुलासा येतो: जे आपल्या नमाजपासून गाफील आहेत, जे देखावा करतात, आणि जे रोजच्या वापरातली साधी वस्तूसुद्धा शेजाऱ्याला देत नाहीत. जुन्या तफसीरकारांनी, म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडणाऱ्या भाष्यकारांनी, उदाहरणं दिली आहेत ती बादली, हंडी, कुऱ्हाड अशीच. तुमच्या सोसायटीत ती शिडी असेल, ड्रिल मशीन असेल, टँकर आला की लागणारा पाइप असेल. कयामतच्या दिवसापासून निघालेली सूरह सात आयतींत शेजारच्या फ्लॅटच्या दाराशी येऊन उभी राहते.

आणि इथे एक सावधगिरी. माऊन ऐकताना पहिल्यांदा डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा आला? माझ्या बाबतीत म्हणशील तर जाऊबाईंचा. बहुतेकांचं असंच होतं, आयत ऐकली की ती कुणाला लागू पडते हे आपल्याला फार चटकन कळतं. तो चेहरा बाजूला कर आणि तीच आयत पुन्हा लाव. मनन म्हणतात ते या दुसऱ्या ऐकण्यात असतं. पहिलं ऐकणं ही नुसती माहिती.

तर्जुमा कुणाचा, हे तू लिहिलंच नाहीस. बहुधा तुला ठाऊकही नसेल, जो पहिला सापडला तो लावला असशील. असं करू नकोस. ज्या ध्वनिमुद्रणावर अनुवादकाचं नाव नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. इंग्रजीत अनुवाद पुष्कळ आहेत आणि त्यांच्या तऱ्हा वेगळ्या. मार्मड्यूक पिकथॉल हा इंग्रज कादंबरीकार १९१७ साली मुसलमान झाला, पुढे मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होता, मग हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेला. त्याचा अनुवाद १९३० चा. अब्दुल्ला यूसुफ अली १८७२ सालचे, मुंबईचेच, आयसीएस अधिकारी. त्यांचा अनुवाद १९३४ पासून लाहोरला छापला जाऊ लागला. म्हणजे इंग्रजीतल्या या दोन थोर अनुवादांचा एक धागा आपल्या मुंबईत आहे, आणि याचा मला उगाचच अभिमान वाटतो. दोघांचं इंग्रजी मात्र जुन्या वळणाचं, चर्चमधल्या प्रार्थनेसारखं. कानाला भारदस्त लागतं, पण ऑफिसचं इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला दर तिसऱ्या ओळीला ठेच लागणार. साधं, आजचं, वाहतं इंग्रजी हवं असेल तर अब्देल हलीम यांचं घे. ते मूळचे इजिप्तचे, लहानपणीच कुराण पाठ केलेले. त्यांचा अनुवाद २००४ साली ऑक्सफर्डने काढला. 'सहीह इंटरनॅशनल' नावाचा १९९७ चा अनुवाद तिघी अमेरिकन बायकांनी केला आहे. तोही सोपा आहे आणि सगळीकडे मिळतो. कुठलाही एक निवड आणि निदान वर्षभर त्यालाच धरून राहा. आज हा, उद्या तो, असं केलंस तर ऐकणं बाजूला राहील आणि तुलना करण्यातच गुंतशील.

पण ऐकण्यात एक अडचण आहे. ती सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा लांबण लावते. अरबी वाक्य फार आटोपशीर असतं, त्यामुळे अनुवादकाला अर्थ पुरा करायला पदरचे शब्द घालावे लागतात. प्रामाणिक अनुवादक ते कंसात घालतो. छापील पानावर कंस दिसतो. कानाला कंस ऐकू येत नाही! वाचणारा कंसातलं आणि कंसाबाहेरचं एकाच सुरात वाचून जातो, आणि तुला वाटतं सगळंच कुराण. सहीह इंटरनॅशनलमध्ये असे कंस बरेच आहेत, आणि हिलाली व मुहसिन खान यांच्या अनुवादात तर कित्येकदा आख्खं स्पष्टीकरण कंसात असतं. यूसुफ अलींनी सहा हजारांवर टिपा दिल्या आहेत, त्या पानाखाली राहतात, ध्वनिमुद्रणात येत नाहीत. म्हणून जो अनुवाद ऐकतेस त्याचीच छापील प्रत घरी ठेव. बसमध्ये जी आयत मनात रुतली असेल ती रात्री पानावर बघ. ज्या शब्दावर तू दिवसभर विचार केलास तो अल्लाहचा की अनुवादकाचा, एवढं तरी कळेल. शेजारी एखादा मराठी अनुवादही असू दे. विनोबांनी मुद्दाम अरबी शिकून कुराणातल्या निवडक आयतींचं सार काढलं, तेही कधी चाळ.

आणखी एक गोष्ट तुला गोंधळात टाकत असणार: बोलतंय कोण? कधी 'आम्ही', कधी 'मी', कधी 'तो'. फातिहातच बघ. पहिल्या आयतींत अल्लाहविषयी बोलणं चाललंय, तो कृपाळू, तो न्यायाच्या दिवसाचा मालक, आणि पाचव्या आयतीत एकदम समोरासमोर, "आम्ही तुझीच इबादत करतो." बोलता बोलता माणूस तोंड वळवतो तसं. अरबीत ही मान्य शैली आहे. इंग्रजीत ते तुटक वाटतं, कारण अरबीचा नाद मधले सांधे जोडून घेतो आणि अनुवादात तो नाद उरत नाही. म्हणूनच अरबी तिलावत, म्हणजे पठण, सोबत ठेव म्हणते. नुसतं इंग्रजी ऐकत राहिलीस तर काही महिन्यांत ते एक बोधपर पुस्तक होऊन जाईल.

अपवाद सूरह यूसुफ. १११ आयती, जवळजवळ सगळ्या मिळून एकच गोष्ट, आरंभापासून शेवटापर्यंत. ती सलग इंग्रजीतच ऐक, घरापासून ऑफिसपर्यंतच्या प्रवासात सहज होईल. आणि ऐकताना नजर फक्त सदऱ्यावर ठेव. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात आणि बापाला दाखवायला खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणतात. पुढे इजिप्तमध्ये मालकाची बायको मागे लागते, तो दाराकडे पळतो, सदरा मागून फाटतो, आणि मागून फाटला म्हणूनच तो निर्दोष ठरतो. शेवटी रडून रडून डोळे गेलेल्या बापाच्या चेहऱ्यावर यूसुफचा सदरा टाकला जातो आणि दृष्टी परत येते. सदरा एकदा खोटं बोलतो, एकदा खरं बोलतो, एकदा बरं करतो. मधल्या काळात वडील याकूब काय करतात? माझ्या दुःखाची तक्रार मी फक्त अल्लाहकडे करतो, म्हणतात. पैगंबर असून रडतात. आपल्याकडे मयतीच्या घरी बायकांना "रडू नका, सब्र करा" म्हणून दटावणारे लोक असतात ना, त्यांना ही सूरह ऐकवावीशी वाटते. (बघ, माझ्याही डोळ्यांपुढे दुसऱ्यांचेच चेहरे आले.)

लहान शंकांची उत्तरं पटापट देते. ऐकायला वुजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय धुणं, लागत नाही. असेल तर उत्तम. पाळीच्या दिवसांत ऐकायला काहीच हरकत नाही, ती अडचण मनातून काढून टाक. झोपताना लावलंस तरी चालेल, पण त्याला मनन म्हणू नकोस. बसमध्ये शेजारची मैत्रीण बोलायला लागली तर बंद कर आणि तिच्याशी बोल. कुराण वाचलं जात असेल तेव्हा लक्ष देऊन ऐका आणि गप्प राहा, असा हुकूम आहे (७:२०४). एका कानात आयत आणि तोंडाने अप्रेझलच्या गप्पा, हे बरं दिसत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ऐकून फतवे काढायचे नाहीत. वारसा, तलाक, लढाया यांच्या आयती इंग्रजीत चार वाक्यांत संपतात, आणि कुठल्या प्रसंगी, कुणाला, कुठल्या अटींवर, हे त्या चार वाक्यांत मावत नाही. ऐकून मन दुखावलं, राग आला, पटलं नाही, तर ते दाबूही नकोस आणि लगेच निकालही देऊ नकोस. सूरह आणि आयतीचा आकडा मोबाईलमध्ये टिपून ठेव, पुढे तफसीर उघडू, जाणकाराला विचारू. प्रश्न पडणं हे गुस्ताखी नव्हे. "हे लोक कुराणावर विचार करत नाहीत का, की यांच्या मनांना कुलपं लागली आहेत?" हे कुराणच विचारतं (४७:२४).

रमजानच्या आत पूर्ण करायचा हट्ट सोड. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजमध्ये, आख्खं कुराण कानावर पडेलच, ते अरबी खतम आपल्या जागी आहे. तुझा इंग्रजी हिशेब वेगळा ठेव: आठवड्याला एक छोटी सूरह, तीच ती, जाताना आणि येताना. माऊन या आठवड्यात कर. पुढच्या आठवड्यात अबस घे, ८० वी. त्यात एक आंधळा माणूस काही विचारायला येतो, आणि खुद्द पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम बड्या लोकांशी बोलण्यात गुंतलेले असल्याने कपाळाला आठी घालतात, त्याबद्दल त्यांना वरून टोकलं जातं. मीटिंगमध्ये तू कुणाकडे पाठ फिरवून बसतेस, त्याचा विचार तेव्हा कर.

रविवारी दुपारच्या असरच्या नमाजनंतर मी घरीच असते. टिपलेले आकडे घेऊन ये, आणि अम्मीला माझा सलाम सांग.

तुझी,
खाला