वसतिगृह मागू नका, गावातच घर मागा

गोव्यातल्या डिचोलीच्या ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं: धाकटा भाऊ माडावरून पडला, मणक्याला इजा झाली, आता व्हीलचेअरवर आहे. आई-वडील थकलेत. आसपासची अशीच पाच-सहा कुटुंबं मिळून ‘दिव्यांगांसाठी एक वसतिगृह द्या’ असं निवेदन देणार आहेत. त्यात काय लिहावं?

ताई, निवेदन जरूर द्या, पण त्यातला ‘वसतिगृह’ हा शब्द आधी काढा. वसतिगृह बांधतात तिथे, जिथे जमीन स्वस्त मिळते. म्हणजे गावाबाहेर सड्यावर, जिथे बस जात नाही, दुकान नाही, शेजार नाही. भावाचे मित्र, देवळाची जत्रा, कोपऱ्यावरचा चहा हे सगळं मागे राहतं आणि तुम्ही रविवारी डबा घेऊन भेटायला जाता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजातच राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. निवेदनाची सुरुवात तिथून करा.

मी पोलिओमुळे लहानपणापासून कुबड्यांवर, आणि गेली अठरा वर्षं व्हीलचेअरवर. फोंड्यात चार घरं बदलली. तिसऱ्या इमारतीत रॅम्प आहे, लिफ्ट आहे, असं सांगितलं होतं. दोन्ही होतं, पण रॅम्प संपतो तिथपासून लिफ्टच्या दारापर्यंत पाच पायऱ्या होत्या. “चौघे उचलतील की,” असं मला सांगितलं गेलं. रोज सकाळी आठला चौघे कुठून आणायचे? त्याच घरात न्हाणीघराचं दार मोकळं भरलं ६० सेंटिमीटर आणि माझी खुर्ची ६४. त्या चार सेंटिमीटरांपायी तीन वर्षं मी खुर्ची दाराबाहेर सोडायची, प्लास्टिकच्या स्टुलावर उतरायची आणि ओल्या लादीवरून स्वतःला ओढत आत न्यायची. एकदा स्टूल सरकलं, मनगट मोडलं. मालक भला माणूस होता, पण भाड्याच्या घराची भिंत फोडायला तो तयार नव्हता.

म्हणून सांगते, ‘सुगम घर द्या’ एवढं लिहून भागत नाही. मापं लिहा. दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर. खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा, न्हाणीघरातसुद्धा. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे एक सेंटिमीटर चढाला बारा सेंटिमीटर लांबी. आपल्याकडे पावसामुळे जोतं उंच घेतात. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब होतो, शिवाय वर-खाली सपाट जागा हवी. एवढी लांबी नकाशातच धरावी लागते, नंतर अंगणात कोंबता येत नाही. रॅम्पवर गुळगुळीत लादी नको, खाचा पाडलेलं काँक्रीट हवं. जुलैत शेवाळ धरलं की लादीवर खुर्चीचे ब्रेकही धरत नाहीत.

आता घर मागायचं कुणाकडे? कायद्याच्या कलम ३७ नुसार सरकारी घरकुल योजनांत ५ टक्के वाटा किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहे, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. खाजगी बिल्डरला हे कलम लागू होत नाही. म्हणून गृहनिर्माण मंडळाकडे माहिती अधिकारात विचारा: गेल्या दहा वर्षांत किती घरं आणि भूखंड दिले, त्यातले ५ टक्क्यांत किती, आणि ती घरं कोणत्या मजल्यावर होती? उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ते हातात आलं की निवेदनाला वजन येतं. तोवर दिव्यांग आयुक्तांकडे धावू नका, कारण कागद असला की सुनावणी वेगळीच होते.

मजल्याचं मुद्दाम लिहिलं. आपल्याकडच्या नव्या इमारतींत तळमजल्यावर एक तर दुकानं नाही तर गाड्या. राहती घरं पहिल्या मजल्यापासून. मग सगळी भिस्त लिफ्टवर, आणि पावसाळ्यात वीज गेली की माणूस वरच अडकला. तेव्हा प्रत्येक योजनेत तळमजल्यावर काही राहती घरं ठेवा, आणि लिफ्टला जनरेटरची किंवा बॅटरीची सोय करा, हे दोन्ही स्पष्ट मागा.

कुणी म्हणेल, मापांचे हे नियम नुसते मार्गदर्शक आहेत. तर राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला नेमकं उलट सांगितलं: सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, किमान काही सक्तीचे करा. आणि कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देता येत नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. त्यामुळे ग्रामसभेत विषय मांडाल तो नकाशा मंजूर होण्याआधी मांडा. भिंती उभ्या राहिल्यावर सगळेच हात वर करतात.

भाड्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून गोवा सरकार दरमहा देतं त्या पैशांत औषधं आणि किरकोळ खर्च भागतो, घरभाडं नाही. पर्यटकांना दिवसावर खोली देऊन जे मिळतं, ते आपण महिन्यावर देऊ शकत नाही, आणि पणजी-म्हापशाकडची ही हवा आता डिचोलीपर्यंत आलीय. म्हणून उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शापेक्षा भाडं जास्त नको, आणि करार अकरा महिन्यांचा नको, दीर्घ मुदतीचा हवा, ही मागणी निवेदनात मधोमध ठेवा, शेवटी नको. दर वर्षी घर बदलणाऱ्याने न्हाणीघरात आधाराचे दांडे कुठे कुठे बसवायचे?

आणखी एक. तुमच्या पाच-सहा कुटुंबांत सगळ्यांची गरज एक नसणार. कुणाचा मुलगा बौद्धिक दिव्यांग असेल, तर त्याला रॅम्प नको, सोबत हवी. अशा दोघा-तिघांनी वस्तीतल्याच साध्या घरात मदतनिसासह राहावं, ही मागणीही त्याच निवेदनात बसते. तुमच्या भावालाही सकाळी तासभर मदतनीस लागेल. घर मिळालं पण माणूस नाही, तर आई पुन्हा त्याच कामाला जुंपली जाईल.

आणि हे सगळं भावाला विचारून करा. निवेदनावर पहिली सही त्याची हवी.

या रविवारी टेप घ्या. भावाच्या खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरच्या कडीपासून पलीकडच्या कडीपर्यंत मोजा, मग घरातली सगळी दारं, उंबरठ्यांची उंची, न्हाणीघराची लांबी-रुंदी. कागदावर हाताने काढलेला आराखडाही चालेल. तो इथे टाका, मसुदा मी लिहून देते.